खुंटी, मणी आणि सूत

तंबोरा जुळवणारा गवई ज्यांनी जवळून पाहिला असेल, त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली असेल. आधी तो खुंटी पिळतो. तार स्वराच्या आसपास आली, की मग तो खुंटीला हात लावीत नाही. घोडीच्या खालच्या अंगाला तारेत ओवलेला मणी बोटाने किंचित सरकवतो. स्वर मिळाला, तरी त्याचे समाधान होत नाही. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक बारीक तुकडा असतो. तो केसभर मागेपुढे केला, की आतापर्यंत नुसती वाजणारी तार एकाएकी बोलू लागते. जवारी लागली, असे आपण म्हणतो. खुंटीने स्वर अंदाजे येतो, मण्याने नेमका येतो आणि सुताने त्यात जीव येतो.

या तीन गोष्टींत एक क्रम आहे, आणि तो क्रम उघडा आहे. नवशिक्या खुंटीपाशी थांबला तरी त्याचे काही अडत नाही. त्याचा कान तयार झाला, की मणी त्याची वाट पाहत तिथेच असतो. आणखी काही वर्षांनी सूत काय करते ते त्याला कळते. वाद्य बदलावे लागत नाही, कारागिराकडे धावावे लागत नाही. मिरजेच्या ज्या कारागिरांच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यांच्या पूर्वजांनी सोपेपणा आणि सामर्थ्य यांचा वाद असा कधीच मिटवून टाकला होता.

हे सारे मला यंदा आठवले ते एका अगदी वेगळ्या निमित्ताने. संगणकावर ध्वनी निर्माण करण्यासाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या हाती जी साधने दिलेली असतात, त्यांचा गुणदोषविचार मी या लेखात करणार आहे. दिवाळी अंकात हा विषय म्हणजे करंजीत खडा, असे काही वाचकांना वाटेल. मी स्वतः मॅट्रिकपलीकडे न गेलेला मास्तर. फावल्या वेळी कादंबऱ्या लिहितो. यंत्रविद्येतला माझा अधिकार शून्य. परंतु ज्या साधनामुळे माझ्या हातून एका मुलीवर अन्याय झाला, ते साधन समजावून घेणे मला भाग होते. आणि समजावून घेतल्यावर असे दिसले, की हा प्रश्न यंत्रविद्येचा जितका आहे, तितकाच अभिरुचीचा आणि नीतीचाही आहे.

आम्ही साकीनाक्याला राहतो. डोक्यावर विमाने, खाली अंधेरी-कुर्ला रस्ता, २०१४ सालापासून त्या रस्त्यावरून धावणारी मेट्रो, आणि गल्लीबोळांतल्या गाळ्यांतून अष्टौप्रहर फिरणारे लेथ. इथे तंबोरा ठेवायला घरात जागा नाही, आणि असली तरी तो जुळवायला शांतता नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी मुलींचे एक समूहगीत बसवायचे होते. शाळेच्या पेटीचा भाता फाटलेला. माझी भाची संगणकाच्या पदविकेला आहे. ती म्हणाली, “मामा, तुला सुराला तारच हवी ना? मी करून देते.” आणि खरोखरच दोन दिवसांत तिने संगणकाच्या पडद्यावर पाच चौकोन काढून दिले : सा, रे, ग, म, प. चौकोनाला बोट लावले, की तार छेडल्यासारखा आवाज येई. षड्ज मुलींच्या सोयीने काळी पाचचा धरला होता.

‘काळी पाच’ हा शब्द मी सहज लिहून गेलो, आणि वाचकही तो सहज वाचून गेले असतील. पण जरा थांबून पाहण्यासारखा आहे. पेटी हे वाद्य मूळचे आपले नव्हे. पॅरिसच्या आलेक्सांद्र दबॅं याने १८४२ साली हार्मोनियमचे पेटंट घेतले. मग ती हिंदुस्थानात आली, हाताच्या भात्याची झाली, मांडीपुढे बसली. आणि बसली ती अशी, की जो गवई पेटीला नाके मुरडतो, तोही आपल्या गळ्याचा स्वर सांगताना ‘माझी काळी एक’ असेच म्हणतो. पट्टी म्हणजे पेटीवरची लाकडी चीप; आणि पट्टी म्हणजे गाणाऱ्याच्या गळ्याची उंचीही. साधनाची मांडणी माणसाच्या बोलण्यात आणि विचारात कशी शिरून बसते, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

पेटीचे यश सोपेपणाचे होते. पट्टी दाबा, स्वर हजर. खुंटी नाही, मणी नाही, सूत नाही. म्हणून ती कीर्तनात गेली, भजनी मंडळांत गेली, नाटकात गेली. १९११ साली ‘मानापमान’ नाटकाला चाली देणारे गोविंदराव टेंबे हे पेटीचे केवढे थोर वादक होते, हे नव्याने सांगायला नको. परंतु पेटीने हा सोपेपणा आणताना आपल्या वतीने एक निर्णय घेऊन टाकला होता : सप्तकाच्या बारा जागा ठरल्या, आता त्यांत बदल नाही. ज्यांचे कान बारीक होते, त्यांना ते बोचले. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर ग्रंथ लिहिला; अब्दुल करीम खाँसाहेबांचा गळा त्यांच्या प्रयोगांना साक्षीला होता. इ. क्लेमंट्स या इंग्रज न्यायाधीशाच्या साहाय्याने श्रुतींची पेटीही तयार झाली. १९१६ सालच्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावर खल झाला. पण ती रुजली नाही. पुढे १९४० साली रेडिओने पेटीलाच आपल्या केंद्रांवर बंदी केली, आणि ती सैल व्हायला १९७१ साल उजाडावे लागले.

म्हणजे एका बाजूला सोपी, पण आपल्या मताने चालणारी पेटी. दुसऱ्या बाजूला समर्थ, पण कान आणि वेळ मागणारा तंबोरा. बहुतेक लोक हा वाद तराजूसारखा मांडतात : एक पारडे वर गेले, की दुसरे खाली येणारच. डॉ. विद्याधर ओक यांनी आपल्या काळात बावीस श्रुतींची जी पेटी केली, ती पाहिल्यावर मला ही तराजूची उपमा खोटी वाटू लागली. षड्ज आणि पंचम अचल, उरलेल्या दहा स्वरांना दोन दोन जागा, मिळून बावीस. पण पट्ट्या मात्र नेहमीच्याच ठेवल्या, आणि स्वराची जागा बदलण्यासाठी खिट्टीची सोय केली. ज्याला खिट्टीशी कर्तव्य नाही, त्याला ती नेहमीची पेटी आहे. ज्याचा कान अडतो, त्याला हाताशी उपाय आहे. तंबोऱ्याचा मणीच हा, पेटीत बसवलेला.

आता संगणकाकडे वळू. इंटरनेटवरची पाने ज्यात उघडतात, त्या ब्राउझरला गाता यावे म्हणून २०१०च्या सुमारास दोन मते पुढे आली. मोझिलाच्या लोकांचे म्हणणे असे : प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या हाती ध्वनीचे सुटे कण द्यावेत, त्यांतून काय घडवायचे ते त्याचे त्याने पाहावे. हे म्हणजे माणसाला भोपळा, लाकूड आणि तारेचे भेंडोळे देऊन ‘गा’ म्हणण्यासारखे. गूगलच्या ख्रिस रॉजर्स यांचा प्रस्ताव निराळा होता. स्वर उत्पन्न करणारा ठोकळा, आवाज लहानमोठा करणारा ठोकळा, गाळणीचा ठोकळा, विलंबाचा ठोकळा, असे तयार ठोकळे द्यावेत. लिहिणाऱ्याने ते एकमेकांना नुसते जोडावेत. ठोकळ्यांची ही कल्पना जुनीच. १९५७ साली अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज यांनी संगणकाकडून संगीत वाजवून घेतले, आणि त्यांच्याच पुढच्या प्रोग्रॅमांतून ती आली. रॉजर्स यांचा मार्ग मान्य झाला. ‘वेब ऑडिओ एपीआय’ या नावाने जून २०२१मध्ये त्याला वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने प्रमाण म्हणून मान्यता दिली.

या साधनाचे गुण आधी सांगितले पाहिजेत, कारण ते मोठे आहेत. तीन-चार ओळी लिहिल्या, की ब्राउझर गाऊ लागतो. स्वर किती कंपनांचा हवा ते एका आकड्याने सांगता येते. ही झाली खुंटी. शिवाय अर्धस्वराचे शंभर भाग कल्पून स्वर त्यातल्या हव्या तेवढ्या भागांनी चढवता-उतरवता येतो; हा झाला मणी. पेटीला हे साधले नव्हते. देवलांना हे साधन मिळते, तर त्यांचे किती कष्ट वाचले असते! साकीनाक्याच्या दहा बाय बाराच्या खोलीत बसून एक विशीची मुलगी बावीस श्रुती ऐकवू शकते, ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. उगाच नाक मुरडणाऱ्या टीकाकारांत मला बसायचे नाही.

पण सूत कुठे आहे? तयार ठोकळ्यातून निघणारा स्वर पहिल्या क्षणी जसा असतो, तसाच शेवटपर्यंत राहतो. तंबोऱ्याची तार घोडीच्या किंचित गोलाव्याला घासत कंप पावते, म्हणून छेडल्यानंतर तिच्यातले वरचे स्वर एकामागून एक उमलतात आणि विरतात. हे चलन ठोकळ्यात नाही. मग भाचीने दुसरी युक्ती केली. १९८३ साली केव्हिन कार्प्लस आणि अलेक्झांडर स्ट्राँग या दोघांनी प्रसिद्ध केलेली ती युक्ती फार सुंदर आहे : क्षणभराचा खरखराट एका विलंबाच्या वर्तुळात सोडायचा, प्रत्येक फेरीला गाळणीने तो थोडा मऊ होत जातो, आणि ऐकणाऱ्याला छेडलेली तार ऐकू येते. वर्तुळ जितके लहान, तितका स्वर उंच. विलंबाचा ठोकळा आणि गाळणीचा ठोकळा तयार होतेच. तिने ते जोडले, आणि तार बोलली.

त्या तारेवर मी मुलींना सूर लावायला शिकवू लागलो. सहावीतली एक मुलगी पंचमाला आली, की तिचा स्वर तारेच्या वर जाई. मी तिला थांबवले. “चढतेस,” म्हणालो. पुन्हा गायली, पुन्हा चढली. तिसऱ्यांदा मी तिला चारचौघींत म्हणालो, “तू नुसती ओठ हलव.” शिक्षकाच्या तोंडून निघालेले असे वाक्य मुलाच्या मनात किती वर्षे राहते, हे कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला तरी कळायला हवे होते. मला ते कळले नाही. कारण यंत्र चुकत नाही, अशी माझी बालंबाल खात्री होती.

आठवड्याने भाचीने धैवत, निषाद आणि तार षड्ज यांचे चौकोन वाढवले. वाजवून पाहतो तो काय, पंचमापासून वर सगळ्या चौकोनांतून एकच स्वर! तिने रात्रभर शोध घेतला आणि सकाळी मला सांगितले. ते मी माझ्या शब्दांत सांगतो.

आमच्या संगणकावर एका सेकंदात ध्वनीचे ४४,१०० कण जातात. काळी पाचचा षड्ज सेकंदाला सुमारे २३३ कंपनांचा. म्हणजे त्याच्या वर्तुळाला सुमारे १८९ कणांची लांबी लागते. मध्यमाला सुमारे १४२. पंचमाला १२६. आता या साधनात एका ठोकळ्याकडून दुसऱ्याकडे ध्वनी जातो, तो एकेक कण नव्हे, तर १२८ कणांच्या गठ्ठ्याने जातो. एखादी एसटी भरल्याखेरीज सुटू नये, तसे. सरळ रस्त्यावर याने काही बिघडत नाही. उलट काम भराभर होते. पण ध्वनी वर्तुळात फिरवायचा असेल, तर परत येणाऱ्या कणाला पुढच्या गाडीची वाट पाहावी लागते. म्हणून वर्तुळातला विलंब १२८ कणांहून कमी होऊच शकत नाही. पंचमाला हवे होते १२६; मिळाले १२८. अवघ्या दोन कणांचा फरक! पण त्या दोन कणांनी पंचम सुमारे पंचवीस सेंटांनी उतरला. शास्त्रकार जिला प्रमाणश्रुती म्हणतात, ती याहून किंचित लहानच असते. धैवताला ११३ हवे होते, तार षड्जाला ९५. त्यांनाही १२८च मिळाले. म्हणून सगळे उतरलेल्या पंचमावर येऊन थांबले.

मुलगी चढत नव्हती. तार उतरलेली होती.

गंमत पुढेच आहे. भाचीच्या मैत्रिणीच्या संगणकावर सेकंदाला ४८,००० कण जात होते. तिथे हाच प्रोग्रॅम, एक अक्षर न बदलता, पंचम बिनचूक लावीत होता. पण धैवताला अडत होता. एकच पोथी दोन देवळांत दोन तऱ्हेने वाचली जावी, तशातला प्रकार.

इथे कोणी म्हणेल : ही मर्यादा लपवलेली नाही, प्रमाणग्रंथात स्पष्ट लिहिलेली आहे, तुम्ही वाचली नाही, हा दोष तुमचा. मान्य आहे. शिवाय मागचे दार ठेवलेलेच आहे. ‘ऑडिओ वर्कलेट’ नावाच्या सोयीने प्रोग्रॅम लिहिणारा सुट्या कणांपर्यंत जाऊ शकतो. २०१८ साली ती क्रोम ब्राउझरात आली. तिथे स्वतःचे वर्तुळ बांधले, की हवे तितके लहान करता येते. भाचीने शेवटी तेच केले, आणि आमच्या तारेचा पंचम जागेवर आला. गठ्ठ्याची योजनाही मूर्खपणाची नव्हे. एकेक कण मोजीत बसले असते, तर साधे काम करणाऱ्या हजारोंना भुर्दंड पडला असता. ज्यांनी हे साधन घडवले, त्यांनी बहुतेकांची बहुतेक कामे डोळ्यांपुढे ठेवली, आणि ते योग्यच केले.

माझा आक्षेप मर्यादेवर नाहीच. पेटीलाही मर्यादा होती. पण पेटीची मर्यादा डोळ्यांना दिसते : सप्तकात बारा पट्ट्या आहेत, तेरावी नाही, हे आंधळ्यालाही चाचपून कळते. या साधनात मात्र १२६ मागितले असता १२८ मिळाले, आणि साधन ‘एवढे देता येत नाही’ असे म्हणाले नाही. ते गप्प राहिले. वाणी सामान कमी देतो, तेव्हा निदान काटा तरी समोर असतो; इथे काटाच आड होता. सोपेपणाचा अर्थ निर्णय आपल्या वतीने घेणे एवढाच असेल, तर ते मी समजू शकतो. सगळेच यजमान पाहुण्याच्या वतीने काही निर्णय घेतात. पण घेतलेला निर्णय सांगायचाही नाही, याला सोपेपणा म्हणता येणार नाही.

दुसरा आक्षेप पायऱ्यांचा आहे. तयार ठोकळ्यांचा तळमजला स्वच्छ, हवेशीर आहे. मागच्या दाराने गेले, की एकदम विहीर आहे : सुटे कण, निराळी फाइल, निराळा नियम, आणि तयार ठोकळ्यांतली गाळणीसुद्धा तिथे बरोबर नेता येत नाही, ती पुन्हा हाताने रचावी लागते. खुंटी आहे, मणी आहे. पण सुताला हात घालायचा, तर घोडीसकट अवघा तंबोरा नव्याने कोरा, असा हा मामला. तंबोऱ्यावर खुंटीपासून सुतापर्यंत वीतभरच अंतर नसेल, पण ते एकाच वाद्यावरचे अंतर आहे. इथे ते दोन गावांमधले आहे.

कादंबरीकाराला ही अडचण ओळखीची आहे. भाषेतही तयार ठोकळे असतात. ‘ऊर भरून आला’, ‘काळजात चर्र झाले’. जोडले, की चालतात. आणि त्यांवर निम्मी कादंबरी निभावून जाते. पण एखाद्या पात्राचे दुःख त्या ठोकळ्याहून दोन कण लहान असते. त्या वेळी भाषा लेखकाला अडवीत नाही. तो वाक्य मोडू शकतो, एक शब्द काढू शकतो, ठोकळ्याच्या आत बोट घालून त्याचे सूत हलवू शकतो. त्यासाठी नवी भाषा शोधावी लागत नाही. म्हणून लहान मूल आणि तुकाराम एकाच मराठीत बोलू शकतात. सोपेपणा आणि सामर्थ्य एकत्र नांदू शकतात, याचा पुरावा शोधायला फार दूर जायला नको.

तेव्हा साधन घडवणाऱ्याकडे माझ्या मागण्या दोनच. सोपे खुशाल करावे, पण जिथे माझ्या वतीने ठरवले, तिथे तसे सांगावे. आणि सोप्यापासून खोलापर्यंत जाताना मध्ये एखादी पायरी ठेवावी, म्हणजे विशीतल्या मुलीला एका दोन-कणी चुकीसाठी रात्र जागावी लागणार नाही. सोप्या साधनाच्या गप्प राहण्याची किंमत ते वापरणारा बहुधा देत नाहीच. ती देतो शेवटच्या टोकाला उभा असलेला, ज्याला हे साधन आहे हेसुद्धा ठाऊक नसते.

आमच्या बाबतीत ते टोक सहावीच्या वर्गात, तिसऱ्या बाकावर होते. दुसऱ्या दिवशी मी सर्व मुलींसमोर त्या मुलीला सांगितले, की तुझा पंचम बरोबर होता. चूक तारेची आणि त्याहून जास्त माझी. ती म्हणाली, “सर, मला वाटलंच होतं. पण तुम्ही म्हणालात म्हणून मी घरी खाली गायची सवय केली.”

नवी तार आता जागेवर आहे. मुलगी मात्र पंचमाला आली, की अजून क्षणभर घुटमळते, माझ्याकडे पाहते, आणि मग वर जाते. संमेलन डिसेंबरात आहे. आम्ही रोज मधल्या सुट्टीत पंधरा मिनिटे सा-प घोटतो, तारेशिवाय.